डॉगरिजचा खुंट आणि उंदराची पानथरी

एडिनबरा

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "उंदरांना हिवतापाची लस टोचतेस का?" घाईत हो म्हणाले, ते बरोबर नव्हतं. लस शरीराला शिकवते. आम्ही शिकून तयार झालेल्या पेशीच एका उंदरातून दुसऱ्यात घालतो.

हिवतापातून बऱ्या झालेल्या उंदराची पानथरी, म्हणजे प्लीहा, काढतो. त्यासाठी त्याला मारावं लागतं. आईला हे आवडणार नाही, मलाही अजून सवय झालेली नाही. पानथरी सुजून काळसर झालेली असते. दादाच्या तापात नाशिकचे डॉक्टर डाव्या बरगडीखाली दाबून बघायचे ना, तीच. बारीक जाळीवर ती चिरडून पेशी सुट्या करायच्या, मोजायच्या आणि निरोगी उंदराच्या शेपटीच्या शिरेत सोडायच्या. मग त्याला हिवतापाचे परजीवी टोचायचे. पुढे रोज रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर रंगवून मोजत बसायचं. पेशी मिळालेल्या उंदरातही परजीवी वाढतात, पण लवकर ओसरतात.

१९६१ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) हिवतापाने आजारी मुलांना दिली होती, आणि त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. पण उसनी प्रतिद्रव्यं झिजून जातात. पेशी जगतात, वाढतात, नवी प्रतिद्रव्यं घडवतात.

मग माणसांना पेशीच का देत नाहीत? अण्णा, तुमच्या द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी धरते. प्राण्यांचं तसं नाही, परक्याच्या पेशी शरीर मारून टाकतं. आमचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींत जुळवलेले, जुळ्यांसारखे एकसारखे, म्हणून त्यांच्यात धरतात. तेव्हा हा काही उपचार नव्हे. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे टी आणि बी असे दोन प्रकार. टी पेशी वेगळ्या दिल्या, बी वेगळ्या दिल्या, मग दोन्ही मिळून दिल्या, की कुणावाचून अडतं ते कळतं. लस करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. पुण्यात बनणारी हिवतापाची आर२१ लस डास चावल्यावर यकृताकडे निघालेल्या परजीवीला गाठते. तिथून निसटून तो रक्तात उतरला, की तिचं फारसं चालत नाही. चार गोधड्यांखाली दादा थडथडत होता तो याच टप्प्यात. मी काम करते ते याच टप्प्यावर.

बागेतला माल निघायच्या वेळी मखमलाबादला येईन. शेततळ्यात गप्पी मासे सोडलेत का? हिवतापाचा डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. फवारणीच्या टाकीवरही झाकण ठेवा.

तुमची,
माई