सुनंदा, ही भूमिका तुझीच आहे

परभणी,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर आमच्या नाटकातल्या मुख्य भूमिकेचा विषय काढला तर तू म्हणालीस, "आता कुठं गं, चाळिशी उलटली, लोक काय म्हणतील." आणि लगेच भाच्याच्या लग्नाकडं वळलीस. फोनवर तुझ्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून पत्र लिहायलेय. घरातलं आवरून, निवांत बसून वाच.

निकोल शेर्झिंगर हे नाव तुझ्या लक्षात नसेल, पण आवाज नक्की ओळखशील. २००९ मध्ये रहमानच्या 'जय हो'ला ऑस्कर मिळालं आणि पाठोपाठ त्याची इंग्रजी आवृत्ती आली. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पोरांनी त्यावरच नाच बसवला होता. ते गाणारा अमेरिकन मुलींचा ग्रुप म्हणजे 'पुसीकॅट डॉल्स', आणि त्यात मधोमध उभी राहून गाणारी ही निकोल. यंदा जूनमध्ये तिला टोनी पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांसाठी हा सगळ्यात मानाचा पुरस्कार. तोही संगीत नाटकातली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून, आणि समोर ऑड्रा मॅकडॉनल्डसारखी, आधीच सहा टोनी घेऊन बसलेली बाई असताना. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचायलेय, आणि दर वेळी तूच डोळ्यासमोर येतीस.

तुला हॉस्टेलची टीव्हीची खोली आठवती का? २००२ मध्ये चॅनल व्हीवर 'पॉपस्टार्स' लागायचं. देशभरातून पोरी निवडून, चाळून, शेवटी पाच जणींचा 'व्हिवा' ग्रुप केला होता. अनुष्का मनचंदा, नेहा भसीन त्यातल्याच. आपण खुर्च्या धरून बसायचो आणि तू प्रत्येकीचा सूर जोखायचीस. तोच कार्यक्रम अमेरिकेत एक वर्ष आधी झाला होता, आणि तिथं निवडलेल्या पाच जणींत ही निकोल होती. त्या ग्रुपचं नाव 'ईडन्स क्रश'. अल्बम आला, गाजला, आणि थोड्याच काळात त्यांची रेकॉर्ड कंपनी बंद पडली. ग्रुप संपला. तेविशीतच तिची पहिली गाडी अशी घसरली.

मग 'पुसीकॅट डॉल्स'. रॉबिन अँटिन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लबांत नाचणाऱ्या बायकांचा हा संच उभा केला होता. पुढं रेकॉर्ड कंपनीनं त्याचा पॉप ग्रुप करायचं ठरवलं, तेव्हा गळा लागणार म्हणून २००३ मध्ये निकोलला घेतलं. २००५ ला पहिला अल्बम आला आणि जगभर गाजला. पण त्या अल्बमवर ऐकू येतो तो बहुतेक एकटीचा आवाज. पुढं तिनंच एका मुलाखतीत सांगितलं की जवळजवळ सगळं गाणं, मागचे कोरससुद्धा, तीच गायची. बाकीच्या नाचायच्या. लोकांनी यावरून तिला आखडू ठरवलं आणि इतर पोरींना बाहुल्या. मला दोन्ही पटत नाही. कोणी कुठं उभं राहायचं आणि कोणाचा माईक चालू ठेवायचा, हे त्या पोरींनी ठरवलेलं नव्हतंच. कंपनीला एक आवाज आणि सहा चेहरे विकायचे होते.

हे वाचताना मला आपल्या वेळचा तो 'फक्त मुलींचा ऑर्केस्ट्रा' आठवला. व्हिवा गाजल्यावर गावोगाव निघालेल्यांपैकीच एक. गणपती, नवरात्र, सेलू, जिंतूर, वसमत. त्या संयोजकानं गोऱ्या-उंच पोरी पुढं उभ्या केल्या आणि तुला ड्रमच्या बाजूला, कोरसच्या माईकवर. वरच्या सप्तकातली ओळ आली की पुढची पोर नुसते ओठ हलवायची आणि आवाज तुझा यायचा. जिंतूरच्या कार्यक्रमानंतर एका बाईनं त्या पुढच्या पोरीची दृष्ट काढली. तू शेजारी उभी राहून पेटीचा भाता बांधत होतीस. त्यावर तू एक शब्द बोलली नाहीस, पण त्या नवरात्रानंतर स्टेज सोडलंस ते सोडलंसच.

डॉल्समध्ये अशीच एक होती. मेलडी थॉर्नटन. निकोलखेरीज खरा दमदार गळा असलेली तीच. कधी एखादी तान, शेवटी एखादी उंच हरकत, एवढंच तिच्या वाट्याला यायचं. ग्रुप मोडल्यावर ती लोकांच्या विस्मरणात गेली असं मी धरून चालले होते. तर नाही. २०२३ मध्ये इंग्लंडभर 'द बॉडीगार्ड' या संगीत नाटकाचा दौरा झाला, त्यात मुख्य भूमिका तिची. म्हणजे व्हिटनी ह्यूस्टनची गाणी गाणाऱ्या, जिच्याभोवती सगळं नाटक फिरतं अशा गायिकेची भूमिका. गावोगावच्या नाट्यगृहांत, मधोमध उभी राहून. मला निकोलच्या टोनीपेक्षा ह्या बातमीनं जास्त बरं वाटलं. तुला हे पत्र लिहायचं खरं तर तेव्हाच ठरलं.

आता निकोलकडं परत येते, कारण तिच्यातली एक गोष्ट लोक विसरतात. 'पॉपवाली नाटकात घुसली' असं तिच्याबद्दल लिहितात. पण ती आधी नाटकातलीच. जन्म १९७८ चा, होनोलुलूतला. वाढली केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावात. शाळेत असल्यापासून नाटकं केली, मग ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतलं. ते अर्धवट सोडून एका रॉक बँडमागं कोरस गायला गेली. म्हणजे सुरुवात तिचीही मागच्याच माईकवर. पॉपमधली सगळी वर्षं ही तिच्या वाटेतली लांबची वळसा-वाट होती. त्या वर्षांनी पैसा, नाव दिलं आणि अंगावर घावही. आपल्याला बुलिमिया होता, खाऊन उलट्या काढायचा आजार, हे तिनं २०१२ मध्ये उघड सांगितलं. जगातल्या पोरी जिच्यासारखं दिसायला धडपडत होत्या, ती आतून ही झुंज देत होती.

मधली वर्षं भराभर सांगते. सोलो अल्बम, नाचाची स्पर्धा जिंकणं, टीव्हीवर परीक्षक. २०१४ ला लंडनच्या पॅलेडियम थिएटरमध्ये अँड्र्यू लॉइड वेबर या संगीतकाराच्या 'कॅट्स' या संगीत नाटकात ग्रिझाबेलाची भूमिका. एकेकाळची देखणी, आता सगळ्यांनी टाकलेली मांजरी. त्यासाठी ऑलिव्हिए पुरस्काराचं, म्हणजे लंडनच्या टोनीचंच, नामांकन मिळालं. ब्रॉडवेवर तीच भूमिका करायचं ठरलं होतं, पण तिनं टीव्हीचा कार्यक्रम निवडला आणि वेबर उघडपणे चिडला. एवढ्यावर दार बंद व्हायला हवं होतं. पण काही वर्षांनी त्याच वेबरच्या नाटकात ती उभी राहिली.

ते नाटक 'सनसेट बुलेव्हार्ड'. गोष्ट १९५० च्या सिनेमावरून घेतलेली. नॉर्मा डेस्मंड ही मूकपटांच्या काळातली मोठी नटी. बोलपट आले आणि तिला कामं मिळायची बंद झाली. हॉलिवूडच्या एका बंगल्यात ती पडून आहे, लोक आपली वाट बघायलेत असं धरून. वय पन्नास, आणि जगानं ठरवलंय की ही म्हातारी झाली. १९९३ ला लंडनमध्ये हे संगीत नाटक पहिल्यांदा आलं तेव्हा भव्य जिना, बंगला, पगड्या, झगमग, सगळं होतं. २०२३ ला सॅव्हॉय थिएटरमध्ये जेमी लॉइड नावाच्या दिग्दर्शकानं ते सगळं काढून टाकलं. रंगमंच मोकळा, काळा. निकोलच्या अंगावर साधा काळा स्लिप, म्हणजे आतून घालायचा झगा, पाय अनवाणी, केस मोकळे. पगडी नाही, दागिना नाही, लपायला एक खांबसुद्धा नाही. नटच कॅमेरे घेऊन एकमेकांजवळ जातात आणि मागच्या प्रचंड पडद्यावर चेहरा दिसतो, डोळ्याखालची सुरकुती, मानेची शीर, थरथरणारा ओठ. जिला आयुष्यभर लांबून, कपड्यांवरून आणि अंगावरून बघितलं, तिचा चेहरा एवढा जवळून बघायला लावला.

त्यातला एक प्रवेश मी पुन्हा पुन्हा वाचलाय, आणि त्यातलं गाणं टोनीच्या सोहळ्यात तिनं गायलं ते मोबाईलवर बघितलंय. नॉर्मा कित्येक वर्षांनी स्टुडिओत येते. वर दिवे सांभाळणारा एक जुना कामगार तिला ओळखतो आणि दिव्याचा झोत तिच्यावर वळवतो. एवढंच घडतं. तिथून गाणं सुरू होतं. सुरुवातीला निकोल जवळजवळ बोलते. श्वास अर्धवट, शब्द तुटक, कारण बाई घाबरलेली आहे. हळूहळू सूर भरत जातो, आणि शेवटच्या उंच जागेवर ती जो स्वर धरते तो सुंदर दिसण्यासाठी धरलेला नसतोच. मी परत आले, हे तिला त्या स्वरातच सांगायचं असतं. लंडनमध्ये ह्या गाण्यानंतर प्रयोग मध्येच थांबायचा, लोक उभे राहायचे. २०२४ मध्ये तिला ऑलिव्हिए मिळाला, नाटकाला एकूण सात. मग ब्रॉडवेच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये. आठवड्याला आठ प्रयोग, त्यातला एखाद-दुसरा दुसरी नटी करायची, बाकी सगळे ही, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. टोनी घेताना ती म्हणाली की लहानपणापासून आपण कुठंच बसत नाही असं वाटायचं, ज्यांची वेळ अजून आलेली नाही त्यांनी सोडू नका.

मला वाटतं, गळा तिचा तोच होता. डॉल्समध्ये ती काय गात होती? मी देखणी, माझ्याकडं बघा. त्या गाण्यांत बाई कोण, कुठून आली, तिला काय गमवायचंय, काहीच नाही. इथं पहिल्यांदा त्या आवाजाला एक पूर्ण बाई मिळाली.

आणि हे आपल्याला परकं नाही ना सुनंदा! पैठणच्या नाथांनी हेच तर केलं. जोशी, गोंधळी, वासुदेव, वेडी, भूत, एकेकाचं सोंग घेऊन त्याच्या तोंडून गायचं. युवक महोत्सवात तू 'विंचू चावला' केलंस ते मी विंगेतून बघितलंय. लाल लुगडं, पदर खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. दुसऱ्या कडव्यात तू सूर मुद्दाम मोडलास, अर्धा स्वर आणि अर्धी किंकाळी, आणि लगेच संबळाच्या ठेक्यावर परत चढलीस. समोरची पोरं शिट्ट्या मारत होती ती गप्प झाली. ऑर्केस्ट्रात तू इतकी वर्षं गायलीस, तिथं असं एकदाही झालं नाही. तिथं तुझ्याकडं फक्त आवाज मागितला होता.

आता आमच्या नाटकाचं. हौशी राज्य नाट्य स्पर्धेला परभणी केंद्रावरून करायलोत. मुख्य बाई एकेकाळी आकाशवाणीवर भावगीतं गायची. नवरा गेलाय, मुलगा पुण्यात, घर विकायला निघालंय. घर बघायला आलेल्या लोकांना ती एकेक खोली दाखवते आणि प्रत्येक खोलीत तिला एक गाणं आठवतं. तीन गाणी, पहिली दोन पेटी-तबल्यावर, तिसरं बिनसाथीचं. इथल्या दोन पोरींना वाचायला दिलं. गोड गातात, पण त्यांच्या तोंडून घर विकणं खरं वाटत नाही.

तू म्हणशील, पट्टी उतरलीय. उतरलीच असणार. पूर्वी पेटीची काळी चार होती, आता पांढरी चार लागली तर लागू दे, त्या बाईचीही उतरलेलीच आहे. चाली मी खाली घेऊन ठेवते. वजन वाढलंय म्हणालीस, त्याचं तर बोलूच नको, नऊवारी नेसायचीय. पाठांतराचं मात्र खरं आहे, संवाद खूप आहेत. पहिला अंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, दुसरा टाईप व्हायलाय. आणि लोक काय म्हणतील ते मी सांगते: जिंतूरला ऐकलेला तो आवाज हिचा होता होय?

तालीम रोज संध्याकाळी सातला, शनिवार-रविवारी सकाळपासून. सुरुवातीला तू फक्त शनिवार-रविवारी ये, बाकीचे दिवस तुझ्या जागी मी उभी राहीन. शनिवारी तपोवन एक्स्प्रेसनं आलीस तर आधी घरी चहा, मग तालमीला जाऊ. भावजींना सांगायचं अवघड वाटत असेल तर मी बोलते त्यांच्याशी, माझं ते ऐकतात. नाटकाची नावं द्यायची मुदत जवळ आलीय, त्यामुळं दिग्दर्शकांना थोपवून धरलंय, पण फार दिवस थोपवता यायचं नाही. तिसरं गाणं आधी वाच, मग फोन कर. रात्री नऊनंतर केलास तरी चालेल.

आईंना नमस्कार सांग, पिंकीला आशीर्वाद.

तुझी,
वर्षा