कॅम्पर ओढता येईल, थांबवायचा कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या एसयूव्हीमागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेले चाकांवरचे घर, जोडून कोकण फिरण्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशाच फिरत्या घरांतून करायच्या पर्यटनाचे, धोरण आणले, तेव्हा ही हौस वाढली तर चांगलेच. पण लेखभर इंजिनाची ताकद आणि टॉर्क (चाके फिरवणारा पीळ) यांचेच कौतुक होते. ट्रेलरचे वजन किती आणि त्याला ब्रेक आहेत का, याबद्दल अवाक्षर नाही.

चढ इंजिनाच्या जोरावर निघतो. उतारावर मात्र तेच वजन मागून रेटते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाताना स्वतःचे ब्रेक नसलेला सात-आठशे किलोंचा ट्रेलर मागे असेल, तर सगळा भार गाडीच्याच ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर धरेनासे होतात. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. यंत्रणा बहुधा साधीच असते: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, जोडणीचा दांडा आत दबतो आणि त्याच दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. आपल्याकडे कॅम्पर विकणाऱ्याला गिऱ्हाइकाने आधी हेच विचारावे. गाद्यांचे कापड नंतर.

उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रोज बघणाऱ्या आमच्या भागात 'एवढ्याशा कॅम्परचे काय घेऊन बसलात' असे म्हणणारे भेटतात. ट्रॅक्टर रमतगमत जातो हो! इथे महामार्गावरच्या वेगाची गोष्ट आहे. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, १०० हवे असतील तर वेगळी मान्यता लागते.

गाडीच्या नावावरूनही काही ठरत नाही. अमेरिकेत टोयोटाच्या पाचव्या पिढीच्या 'आरएव्ही-४'च्या साध्या पेट्रोल आवृत्तीला सुमारे ६८० किलो ओढायची परवानगी होती, तर त्याच गाडीच्या 'अॅडव्हेंचर' आवृत्तीला सुमारे १,५८८ किलो. आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या माहितीपुस्तकात हा आकडाच सापडत नाही, आणि तरी बंपरखाली चकचकीत हूक लागलेले असतात. बरेचसे शोभेचे. त्यांवर घर लटकवायचे धाडस कोणी करू नये.

भरण्याचाही हिशेब आहे. ६० लिटर पाण्याची टाकी म्हणजे ६० किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीसच्या घरात. सामान मागच्या टोकाला कोंबले की पुढची दांडी हलकी होते आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. शेजारून ट्रक गेला की आणखीच. अशा वेळी स्टिअरिंग झटकू नये, जोरात ब्रेकही मारू नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढून वेग आपोआप उतरू द्यावा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असे अमेरिकेत धरतात. युरोपात त्याहून कमी चालते. पण गाडीच्या कंपनीने दिलेली मर्यादा कोठेही ओलांडायची नाही.

मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हेही वाहनच आहे, त्याला स्वतंत्र नोंदणी लागते. ती करताना ओढणाऱ्या गाडीची क्षमता परिवहन खात्याने विचारावी आणि कंपन्यांनी ती माहितीपुस्तकात ठळक छापावी. तोवर हौशी मंडळींनी भरलेला कॅम्पर एकदा वजनकाट्यावर न्यावा. आमच्याकडे काट्यांना तोटा नाही. गाडीपासून सोडवून आधी पूर्ण ट्रेलर तोलावा, मग दांडीचा टेकू काट्याबाहेर ठेवून फक्त चाकांवरचे वजन घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावरचा भार. दोन्ही पावत्या गाडीतच ठेवाव्यात.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, कराड