फिटरकाका, फार्गोची चोरटी हवा थांबली

ती. फिटरकाकांना,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुमच्या ओट्यावर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. दोनदा असंच झालं. शिवाय तुम्ही जे दाखवलंत ते एकट्या माझ्यापाशी ठेवायला मन घेत नाही. आजोबा-वडिलांचा ट्रक जपून ठेवलेली घरं इंदूरात, देवास-उज्जैनकडेही असतील, आणि माझ्या गाडीत जी चूक झाली ती त्यांच्याकडेही होऊ शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर ताण नको म्हणून सांगितलंय ना, तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या.

आबांची फार्गो तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी दोन ओळी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि फार्गो ट्रक जोडायला घेतले, त्या पिढीतली ही गाडी. सहा सिलिंडर, पेट्रोल, साइड व्हॉल्व्ह. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या झाकणात) नाहीत, ब्लॉकच्या कुशीत आहेत. त्यामुळे हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेक आणि धूर बाहेर काढणारा एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड (ओतीव नळ्यांचे जोड) ब्लॉकच्या एकाच अंगाला, वर-खाली बसतात. मधोमध दोन्ही एकमेकांना बोल्टने जोडलेले, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने कार्बोरेटरखालचं पेट्रोल नीट वाफ होतं. आबा हिच्यात सनावद-खरगोनकडच्या कापसाच्या गाठी भरून मोरटक्क्याचा पूल, बडवाह, मग भेरूघाट चढून सिमरोलवरून इंदूरच्या मिलांना आणायचे. आबा गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

दोन वर्षांपूर्वी इंजिन बांधून घ्यायचं ठरवलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्हच्या सीट, सगळं झालं. खर्च किती झाला ते इथे लिहीत नाही, आई वाचेल. आणि एवढं करून गाडी स्लोवर ठरेना. रेस आपोआप वर-खाली, चढावर जोर लावला की कार्बोरेटरमधून फट् आवाज, मग मिसिंग. ज्या गॅरेजने इंजिन बांधलं त्यांनी कार्बोरेटर तीनदा खोलला, जेट बदलले, टायमिंग मागे-पुढे केलं. शेवटी म्हणाले, जुनी गाडी आहे ताई, अशीच चालणार. त्या रात्री मी खरंच शेडमध्ये बसून रडले. आबांची गाडी अशी चालत नव्हती, हे मला लहानपणापासून कानाला माहीत होतं.

तुम्ही आलात तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत फक्त तीन वस्तू: इंजिन हवा किती ओढतं ते इंचांत दाखवणारं व्हॅक्यूम गेज, हातभर रबरी नळी आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज. मी कार्बोरेटर दाखवायला लागले तर तुम्ही म्हणालात, "त्याला राहू दे बिचाऱ्याला, आधी प्लग काढ." सहाही प्लग ओळीने फडक्यावर मांडलेत. चार बिस्किटी रंगाचे, पहिले दोन चुन्यासारखे पांढरे. तेवढ्यावरून तुम्ही म्हणालात की या जातीच्या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांना हवा एकाच तोंडातून जाते; दोघे शेजारी एकदम पांढरे पडले म्हणजे त्यांच्या सामाईक दारातच फट आहे. कार्बोरेटरची चूक असती तर सहाही पांढरे असते. काका, दोन वर्षांत हे कुणीच मला सांगितलं नव्हतं, आणि फडक्यावर मांडल्यावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं!

मग गेज लावलंत. सुई बारा इंचांवर, आणि तिथेही थरथरत. मी पुस्तक उघडलं, त्यात निरोगी इंजिनाला १७ ते २१ लिहिलेलं. तुम्ही म्हणालात, तो आकडा समुद्रकाठचा. हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, म्हणजे १८०० फूट. तेव्हा दोन इंच इथेच वजा कर आणि मग रड. तरीही बारा कमीच होते.

फट शोधायला गॅरेजवाल्यांनी एकदा पेट्रोल शिंपडलं होतं हे ऐकल्यावर तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. इनटेकच्या खाली वीतभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट! तुम्ही इस्त्रीची पाण्याची फवारणी मागितलीत, त्यात चमचाभर साबण, आणि इंजिन थंड असताना सुरू करून एक्झॉस्ट तापायच्या आत सांध्यावर बारीक फवारा मारत गेलात. मागच्या तोंडाशी काही नाही. मधल्या तोंडाशी काही नाही. पुढच्या तोंडाशी वरच्या बाजूला पाणी लागलं आणि क्षणभर इंजिन सरळ झालं. सुई चौदावर चढली, पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा बारा. तुम्ही नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्या जागेवर धरून मला ऐकवलंत. सी-सी-सी. वळवाच्या वाऱ्यात खिडकीच्या फटीतून येतो तसा आवाज.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर जे दिसलं ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो. सांध्यात घातलेल्या पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन पेस्टचा जाड थर. बाहेरून निळं आणि घट्ट, आत तोंडाच्या कडेला मात्र मऊ, फुगलेलं, पेट्रोलचा वास मारणारं. एक तुकडा लोंबत होता आणि एक तुटून आत पडला होता, तो तुम्ही चिमट्याने काढलात. साध्या सिलिकॉनला पेट्रोल सोसत नाही, ते फुगून सुटतं आणि इंजिनच ते गिळतं, हे तुम्ही तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवून सांगितलंत. तो तुकडा मी काचेच्या बाटलीत ठेवलाय. कुणी विचारलं की दाखवते.

जुन्या पॅकिंगचे कपटे ब्लॉकला चिकटलेले होते. मी तारेचा ब्रश उचलला तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. तांब्याच्या पत्र्यामधलं ते जुनं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असणार, कोरडं खरवडलं तर धूळ छातीत जाते. आधी पाण्याने भिजवलंत, ओलं ओलंच लाकडी पट्टीने काढलंत, पिशवीत बांधून वेगळं ठेवलंत. मग तुम्ही तुमच्या मिलच्या गोष्टी सांगितल्यात. कापसाच्या धुळीने कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यातली माणसं सुट्टीनंतर सोमवारी कामावर आली की छाती आवळल्यासारखी खोकायची, आणि कुणी ती धूळ मनावर घ्यायचं नाही. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही त्या माणसांची खाती आणि पाळ्या विसरला नाहीत. त्या दिवशी मला कळलं की तुम्ही माझं मनगट का धरलंत.

खरा दोष पुढे निघाला. स्ट्रेटएज, म्हणजे अगदी सरळ पट्टी, दोन्ही मॅनिफोल्डच्या तोंडांवर आडवी धरलीत आणि इनटेकच्या पुढच्या तोंडाखाली फिलरची पाती घालत गेलात. आठ थाऊ गेली, दहा गेली, बारा गेली. बारा थाऊ म्हणजे ०.३ मिलिमीटर. गॅरेजमध्ये दोन्ही मॅनिफोल्ड आधी एकमेकांना पक्के आवळले आणि मग तो जोड तसाच ब्लॉकवर चढवला. दोघांची तोंडं एका पातळीत आली नाहीत, एक्झॉस्ट टेकला, इनटेक अधांतरी राहिला, आणि ती फट पेस्टने बुजवली. तुमचं वाक्य मी शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय: "पॅकिंग केसभर फरक सांभाळतं, बोटभर चूक नाही."

नंतरचे दोन रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. मधले बोल्ट ढिले ठेवून दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकवर बसवायचे, ब्लॉककडून त्यांची जागा त्यांना घेऊ द्यायची, मग मधला जोड आवळायचा आणि तो जोड जसाच्या तसा उतरवून सगळी तोंडं एकत्र ग्राइंड करायची. वेगवेगळी केली तर पुन्हा तेच. ग्राइंडिंगनंतर सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, खुणेचा निळा रंग लावून तुम्ही जोड हलकेच फिरवलात. पहिल्यांदा पुढच्या तोंडावर निळ्याचे दोनच ठिपके उमटले. तुम्ही काही न बोलता तेवढीच जागा घासलीत. पुन्हा निळा, पुन्हा घासणं. पाचव्या वेळी तोंडाभोवती अखंड निळी कडा आली आणि तुम्ही अंगठ्याने ती कडा पुसून मला म्हणालात, "आता हिला पेस्ट नको."

ब्लॉकवरही काम होतं. एका स्टडने (ब्लॉकमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्याने) भोकाभोवतीचं लोखंड उचलून कडा काढली होती. ती तुम्ही सपाट कानशीने अलगद बसवलीत. त्याआधी प्रत्येक तोंडात चिंधी कोंबलीत आणि किती कोंबल्या ते पाटीवर खडूने लिहिलंत. काढताना पुन्हा मोजल्यात. इंजिनातल्या पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलेल्या स्टडच्या आट्यांना तेवढं शेलॅक (लाखेचा लेप) लावलंत, पॅकिंग मात्र कोरडंच. नट पितळेचे, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे, आखूड पान्याने. टोकाच्या नटांवर मी जोर लावला तर थांबवलंत, कारण एक्झॉस्ट तापला की लांबीत वाढतो; टोकं जखडली तर सरकायला जागा राहत नाही आणि कास्टिंग तडकतं.  हा क्रम मी आता झोपेतही सांगेन.

सुरू केल्यावर सुई साडेसतरावर गेली आणि तिथे अशी थांबली की मला वाटलं गेज अडकलं. तुम्ही काचेवर टिचकी मारलीत. साडेसतराच. मग तुम्ही रेडिएटरवर पाण्याचा पेला ठेवलात आणि पाण्यावर उमटणाऱ्या बारीक वर्तुळांकडे बघत राहिलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ऑपरेशनचं नव्हतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. एवढंच म्हणालात की मिलच्या फाटकाशी गाठींच्या ट्रकांची रांग लागायची, तेव्हा फार्गो आली की आवाजावरून कळायचं, एकदा घाटात तो आवाज ऐकव. गेल्या गुरुवारी आपण भेरूघाट चढलो. तुम्ही खिडकी खाली करून बसला होतात. दुसऱ्या वळणावर मी गिअर पाडला, पाय दाबला, आणि एकदाही फट् झालं नाही. परतल्यावर प्लग काढले: सहाच्या सहा बिस्किटी. फोटो नातवाच्या फोनवर पाठवलाय.

काका, तुमचे आभार कशाकशाचे मानू? तुम्ही आबांचा आवाज मला परत दिलात. नऊ वर्षांची असताना मी गल्लीच्या टोकावरून तो ओळखायची आणि आजीला सांगायची, आबा आले, भात टाक. परवा मी सिमरोलहून येताना आईने घरात बसून तो ओळखला आणि दार उघडून उभी राहिली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिल्यांदा तापून गार झाल्यावर नट तपासले, दोन जरासे सरकले. पुढची तपासणी ५०० किलोमीटरला. आज ३४० झालेत. ५०० झाले की रविवारी सकाळी गाडी घेऊनच येते. आखूड पाना तुमचाच लागेल, तो मला कुठे मिळत नाही. आईने तुमच्यासाठी साटोऱ्या करायचं ठरवलंय, तेव्हा त्या दिवशी "आधी चहा" म्हणू नका.

आपली,
राजेंद्र नगरची फार्गोवाली