गौरीला कांदा-लसूण वर्ज्य कुणी केला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गणेशोत्सव पुरवणीत ‘गौरीचा पारंपरिक नैवेद्य’ म्हणून पुरणपोळी, सोळा भाज्या, पंचामृत असं ताट छापून आलं आणि खाली चौकटीत ‘कांदा-लसूण वर्ज्य’ अशी सूचना. ताट सुरेखच आहे, पण ते सगळ्या महाराष्ट्राचं नाही. माझं माहेर अचलपूरचं, सासर गुहागर तालुक्यातलं. दोन्हीकडचा नैवेद्य मी रांधलेला आहे, म्हणून लिहिते.

माहेरी गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा-कनिष्ठा बसल्या की वर करंज्या, पापड्या, सांजोऱ्यांचा फुलोरा टांगायचा. सोळा भाज्या आहेतच, पण तिथला खरा मान आंबिलीचा. ज्वारी ओलवून कांडायची, कोंडा पाखडून जाडसर भरडायची, ती भरड रात्री आंबट ताकात भिजत घालायची. सकाळी मंद आचेवर शिजवताना हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. वर खोबऱ्याचे पातळ काप. आई म्हणायची, पुरण कमी पडलं तर चालेल, आंबील कमी पडता कामा नये. आपल्या ताटात आंबिलीचा उल्लेखसुद्धा नाही.

सासरी गौर तिखटाची. आली त्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी वडे-सागोती. गणपतीला मोदक आणि गौरीला मटण, म्हणून नैवेद्य दाखवताना दोघांच्या मध्ये पडदा धरतात. कांदा-खोबरं खरपूस भाजून, लसूण-आलं घालून वाटप केल्याशिवाय सागोती होतच नाही. तिथे ‘वर्ज्य’ काय करायचं? लेक माहेरी आली आहे, तिला आवडीचं पोटभर वाढायचं, हाच त्यामागचा भाव. चिपळुणात माझ्या शेजारी घावन-घाटलं असतं: तांदळाच्या पिठाचे जाळीदार घावन आणि नारळाच्या दुधातलं गुळाचं घाटलं. रायगड-मुंबईकडे कित्येक घरी कोलंबी, चिंबोऱ्या असतात. यातलं कुठलं अपारंपरिक?

हे लिहायला कारण घडलं. पुण्यात राहणारी माझी पुतणी सोसायटीत कुणी नावं ठेवू नयेत म्हणून दार लावून तिखटाचा नैवेद्य करते. यंदा तिने आपली पुरवणी वाचली आणि मला फोन करून विचारलं, “काकू, आपलं चुकतं का गं? पुढच्या वर्षीपासून नुसतं पुरणच करू का?” पिढ्यान् पिढ्या सासूने सुनेला शिकवलेली गोष्ट एका चौकटीमुळे चुकीची वाटू लागावी, याचं मला फार वाईट वाटलं. तिला मी ठामपणे सांगितलं, सागोतीच कर, आणि दार उघडं ठेव.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वर्षी ही पुरवणी काढताना अकोला, अमरावती, लातूर, रत्नागिरी, रायगड इथल्या आपल्या बातमीदारांना दोन-चार घरांच्या स्वयंपाकघरात पाठवा. जे शिजतं ते जिल्ह्याच्या नावासकट छापा, आणि ती ‘वर्ज्य’ची चौकट काढून टाका. आंबिलीची कृती हवी असेल तर मी सविस्तर लिहून पाठवीन.

आपली,
एक वाचक, चिपळूण