रात्रीचा माणूस ठरवलाय

प्रिय आई, बाबा,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागवा. सोमवारपासून रात्री आठ ते सकाळी आठ बाबांच्या गळ्यातल्या श्वासाच्या नळीकडे (ट्रॅकिओस्टोमीकडे) बघायला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येईल. महिन्याचे पैसे देऊन झालेत, तेव्हा "नको गं, मी करते" आता चालायचं नाही. आई, तुझ्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. बाबांच्या गळ्यातल्या खरखरीवरून कफ घट्ट की पातळ हे तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही. पण रात्रीतून पाचदा उठलेल्या माणसाचा हात पहाटे घाई करतो, आणि सक्शनला, म्हणजे नळीतला कफ मशीनने ओढायला, घाईच नडते. खरं तर मीच यायला हवं होतं. ते राहू दे.

पलंग समोरच्या खोलीत घ्यायला दादाला सांगितलंय. तिथला प्लग इन्व्हर्टरवर आहे, लाइट गेली तरी मशीन चालेल. पायाने दाबायचं सक्शनही पलंगाखाली असू दे. बाबा, त्या खिडकीतून रस्ता दिसतो, तुमचा वेळ जाईल. देवघरातली छोटी घंटा उशाशी घ्या आणि वाजवून वाजवून घर डोक्यावर घ्या. लहानपणी मी घ्यायचे तसं.

ब्रदरला आई तूच शिकव. आठ नंबरच्या नळीला बारा नंबरचाच कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी), पांढऱ्या जोडाचा. दुकानदार हिरवा, म्हणजे चौदाचा, पुढे करतो, घेऊ नकोस. जाड कॅथेटर नळी अडवतो, कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढतो आणि ऑक्सिजन झर्रकन उतरतो. आत घालताना कॅथेटरच्या जोडावरच्या भोकावर अंगठा नको, बाहेर काढतानाच ठेवायचा. मशीनचा दाब १०० ते १२० mmHg. एका खेपेला दहा सेकंद, मग बाबांना चार श्वास घेऊ द्यायचे. किती आत घालायचा ते सुट्या नळीशेजारी धरून मोजायचं, तिच्या टोकापुढे अर्धा सेंटिमीटर, बस. रक्ताची रेघ दिसली तर कॅथेटर खोल जातोय किंवा दाब जास्त आहे असं समजा.

आतली नळी दिवसातून तीनदा काढून ब्रशने धुवायची, आणि तेवढ्या वेळात दुसरी धुतलेली आत हवीच. नाहीतर खपली बाहेरच्या नळीला धरते, मग ती निघता निघत नाही. गळ्याच्या पट्टीत एक बोट जाईल एवढीच जागा. पट्टी बदलताना दोघं हवेत, एकाने नळी धरून ठेवायची. बाबा खोकले की नळी बाहेर यायला क्षण पुरतो.

उन्हाळ्याची मला जास्त धास्ती आहे. नाक हवा ओली करून आत पाठवतं, इथे नाकच वगळलंय, आणि बाहेर ४५ अंश. कूलर लावा, पण झोत गळ्यावर नको आणि टाकीतलं पाणी रोज बदला. गळ्यावरचा फिल्टर ओला झाला की लगेच बदला. कफ चिकट वाटला तर सलाइनचं नेब्युलायझेशन द्या. नळीत सलाइन ओतायचं नाही. उदबत्ती, पावडर आणि मिरचीची फोडणी त्या खोलीपासून लांब.

बाबा, तर्री पोहे गिळण्याची तपासणी झाल्यावर. तोवर राईल्स ट्यूबनेच, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीनेच, खाणं, आणि नंतर अर्धा तास टेकून बसायचं. कुरकुर पाटीवर लिहा, मी फोटो मागवीन.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा: "ऑक्सिजन गळ्याला, नुसत्या नाकाला नाही". घाईत येणारा माणूस मास्क नाकावरच लावतो. कॅथेटर आत जाईना तर आधी आतली नळी काढा. तरी अडलं तर १०८. आठ आणि सात नंबरच्या सुट्या नळ्या, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हे सगळं एका डब्यात, आणि मेडिकलच्या हॉस्पिटलात जाताना तो डबा बाबांच्या मांडीवर.

आई, तुझी बीपीची गोळी सकाळी, चहाआधी. सोमवारी रात्री अकराला फोन करीन. तो ब्रदरनेच उचलायचा.

तुमची,
ताई