डबल-फ्लोटचा डबा

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा कोड मिळाला. डॉट प्रॉडक्टचं (दोन याद्यांतले आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज करणारं) फंक्शन एसबीसीएलवर, म्हणजे कॉमन लिस्पच्या कंपाइलरवर, रखडतंय, म्हणून लिस्प आकडेमोडीला मंदच, असं तू ठरवून टाकलंस. मला हे पटत नाही. बेरीज-गुणाकार प्रोसेसर थोडक्या सायकलींत उरकतो. वेळ खातं ते उत्तर ठेवणं.

कारण असं. व्हेरिएबलचा टाइप आधी ठरलेला नसल्यामुळे प्रत्येक व्हॅल्यू ६४ बिटांच्या एका शब्दात मावावी लागते, आणि ती कोणत्या जातीची हेही त्यातल्याच काही बिटांवर, म्हणजे टॅगवर, ओळखावं लागतं. सिंगल-फ्लोट हा दशांश आकडा ३२ बिटांचा, तो आरामात बसतो. जास्त अचूक डबल-फ्लोटला स्वतःलाच ६४ लागतात, टॅगला जागा कुठून आणणार? मग हीपवर, म्हणजे मेमरीच्या सामाईक साठ्यात, १६ बाइट घ्यायचे, ८ हेडरला आणि ८ आकड्याला, आणि हातात ठेवायचा फक्त पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता. हेच बॉक्सिंग, आकडा डब्यात भरणं. तुझ्या लूपमध्ये दर फेरीला गुणाकाराचा एक आणि बेरजेचा एक, असे निदान दोन डबे बनतात. १ कोटी फेऱ्यांना ३२ कोटी बाइट कचरा! फंक्शन लिस्पच्या टाइम या मोजणीच्या मॅक्रोमध्ये घालून चालव. बाइट्स कॉन्स्डच्या (किती मेमरी घेतली त्या) ओळीत तो दिसेल.

आधी अ‍ॅरे बघ. अ‍ॅरे बनवणाऱ्या मेक-अ‍ॅरेला एलिमेंट-टाइप (आतल्या घटकांचा टाइप) दिलेला नाहीस, म्हणजे त्यात आकडे नाहीतच, डब्यांचे पत्ते आहेत. एलिमेंट-टाइप डबल-फ्लोट दे, आणि फंक्शनमध्ये सिंपल-अ‍ॅरे असंच डिक्लेअर कर. नुसतं अ‍ॅरे लिहिलंस तर तो दुसऱ्या अ‍ॅरेवर डिस्प्लेस केलेलाही (त्याचीच मेमरी वापरणारा) असू शकतो, म्हणून कंपाइलर थेट मेमरीतून वाचायला धजत नाही.

तुझी खरी चूक मात्र एका अक्षराची आहे. बेरीज तू ० पासून सुरू केलीस. त्यामुळे तिचा टाइप "पूर्णांक किंवा डबल" असा झाला, आणि दर फेरीला जेनेरिक (कुठल्याही टाइपची बेरीज करणाऱ्या) रूटीनला कॉल गेला. तिथे ०डी०, म्हणजे डबल-फ्लोटमधलं शून्य, लिही. ०.० चालणार नाही. मधे डी नसेल तर एसबीसीएल तो सिंगल-फ्लोट धरतं. ही सवय सगळीकडे ठेव, कारण सिंगलमधला ०.१ डबलमध्ये गेला की ०.१०००००००१४९०११६१२ होतो, आणि वेगाआधी उत्तरच बिघडतं. एवढं केलंस की मधल्या पायऱ्यांचे टाइप कंपाइलर स्वतः ताडतो आणि बेरीज लूपभर प्रोसेसरच्या रजिस्टरमध्येच ठेवतो.

मग ऑप्टिमाइझ स्पीड ३ लावून कंपाइल कर आणि कंपाइलरच्या नोट्स नीट वाच. "डूइंग फ्लोट टू पॉइंटर कोअर्शन" असं दिसलं की तिथे डबा बनतोय. रिटर्न व्हॅल्यूसाठी एकदा दिसलं तर सोड, पूर्ण लूपला एकच डबा. पण लूपच्या आतून एखादं छोटं फंक्शन बोलावत असशील, तर दर कॉलला उत्तर डब्यातून येतं. त्याच्या डीफनच्या (व्याख्येच्या) आधी डिक्लेम इनलाइन लिही, म्हणजे त्याचा कोड कॉलच्या जागीच घातला जाईल. नंतर लिहून उपयोग नाही.

नॉर्म (व्हेक्टरची लांबी) काढताना स्क्वेअर रूटपाशीही अडशील. ऋण आकड्याचं मूळ कॉम्प्लेक्स येतं, त्यामुळे आत येणारा डबल ऋण नाही याची खात्री नसेल तर उत्तराचा टाइप पुन्हा दुभंगतो. तिथे डबल-फ्लोट ०डी० अशी खालची मर्यादा देऊन टाक.

सेफ्टी ० ला, म्हणजे टाइपच्या तपासण्या बंद करणाऱ्या सेटिंगला, मात्र हात लावू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. एखादं डिक्लेरेशन चुकलं तर एरर न येता भलत्याच बिटांना आकडा समजून हिशेब पुढे जातो. वरचं सगळं केल्यावर त्यातून मिळणारा फायदा त्या धोक्याच्या तोलाचा नसतो.

आणि बेरजांचा क्रम कंपाइलर आपणहून का बदलत नाही, असं विचारलंयस. १०चा १६वा घात घे, त्यातून तोच वजा कर आणि १ मिळव: उत्तर १. आता आधी ऋण १०च्या १६व्या घातात १ मिळव: त्या पट्टीत डबल दोन-दोनच्या अंतराने असतात, तो १ राउंडिंगमध्ये जातो आणि शेवटी उरतं ०. चार वेगळ्या बेरजा ठेवून लूप उलगडलास तर वेग वाढेल, पण शेवटचे अंक बदलले तर चालतील का, हे तुलाच ठरवावं लागेल.

बदल केल्यावर डिसअसेंबल करून (कंपाइल झालेला मशीन कोड छापून) ते आउटपुट पाठव. आत एमयूएलएसडी आणि एडीडीएसडी, म्हणजे प्रोसेसरच्या डबल गुणाकार-बेरजेच्या सूचना, दिसायला हव्यात, जेनेरिक-प्लस कुठेही नको.

तुझा,
मिलिंद