पुलावर नाव कोरा

संपादक महोदय,

जुन्या पुलांचा विषय निघाला की लोक ‘तेव्हाचं काम पक्कं होतं’ म्हणून मोकळे होतात, पण पक्कं कशामुळे ते कुणी सांगतच नाही. रोममध्ये टायबर नदीवर फाब्रिचियो पूल आहे, इ.स.पू. ६२ मधला, आणि आजही लोक त्यावरून चालत टायबर बेटावर जातात. दोन मोठ्या कमानी आणि मधल्या खांबाच्या वरच्या भागात एक छोटी कमान, म्हणजे पूर चढला की पाण्याला तिथून वाट मिळते आणि खांबावरचा जोर कमी होतो. चीनमधल्या झाओझौ पुलाचंही तसंच, ली चुन नावाच्या कारागिराने इ.स. ६०५ च्या सुमारास ३७ मीटरची एकच चपटी कमान टाकली आणि दोन्ही खांद्यांवर दोन-दोन छोट्या कमानी ठेवल्या, वजन पण कमी आणि पुराला रस्ता पण.

पण मला खरं भावतं ते रोमच्या पुलावरचं कोरीव काम. रस्त्यांचा अधिकारी लुसियस फाब्रिसियस, यानेच बांधून घेतला आणि यानेच तपासून मंजूर केला, असं सरळ दगडात लिहिलंय. इ.स.पू. २१ मध्ये ज्यांनी परत मंजुरी दिली त्यांचीही नावं आहेत!

आपल्याकडे उद्घाटनाच्या पाटीवर मंत्र्यांची नावं असतात, असू देत, पण सोबत इंजिनिअर, ठेकेदार आणि शेवटच्या तपासणीची तारीख पण लिहा ना. सरकारने हा नियम करावाच, आणि आपल्या पेपरने तो लावून धरावा ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा